आईचं रात्रीचं पडणं, लघवीची घाई आणि फिजिओथेरपी : आमचा अनुभव

पायवाट (धागाकर्ती) :

बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज बसलेच शेवटी. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

आई ७१ वर्षांची. मागच्या एका वर्षात तीनदा पडली. तिन्ही वेळा रात्री आणि तिन्ही वेळा बाथरूमच्या वाटेवर. पहिल्यांदा गुडघा सुजला, दुसऱ्यांदा कपाळाला खोक पडली, तिसऱ्यांदा मनगटाचं हाड मोडलं. प्रत्येक पडण्यानंतर आम्ही काही ना काही केलं. पायपुसणी काढली, पॅसेजमध्ये रात्रीचा दिवा लावला, चपला बदलल्या. डॉक्टरांनी हाडं, बीपी, साखर सगळं बघितलं आणि जपून चाला म्हणाले. पण आई चालत नव्हतीच हो, ती पळत होती, आणि हे कळायला आम्हाला अख्खं वर्ष लागलं.

तिला लघवीची कळ आली की थांबवता येत नव्हतं. झोपेतून जाग यायची तीच कळेनं, मग अंधारात तशीच उठून धावायची आणि निम्म्या वेळा वाटेतच कपडे ओले व्हायचे. पहाटे उठून स्वतःचे कपडे वेगळे धुऊन टाकायची आणि आम्ही समजत होतो की आईला लवकर उठायची सवय आहे. हे आठवलं की अजून पोटात तुटतं. मी त्याच घरात राहते, रोज तिच्याशी बोलते, आणि मला माहीत नव्हतं.

हे बाहेर कसं आलं ते सांगते. मनगटाचं प्लास्टर काढल्यावर हाताच्या व्यायामासाठी फिजिओकडे गेलो. त्या बाईंनी हात बघायच्या आधी विचारलं, "पडलात त्याच्या आधीच्या पाच मिनिटांत काय काय झालं ते सांगा बरं." कशावर पडलात, कुठे लागलं असं सगळेच विचारतात, पण पडायच्या आधी काय झालं हे कुणीच विचारलं नव्हतं. आई जरा घुटमळली, माझ्याकडे बघितलं, आणि मग सगळं सांगून टाकलं. चार वर्षांपासून आहे म्हणाली. मध्ये एकदा एका डॉक्टरांना तिनं सांगितलं होतं म्हणे, तर "या वयात होतंच" एवढं ऐकून घरी आली आणि त्यानंतर तोंड मिटून घेतलं.

फिजिओंनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी केल्या. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं, आणि त्याला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉचवर मोजायचं. आईला १९ सेकंद लागले. १२ किंवा त्याहून जास्त लागले तर पडायचा धोका आहे असं धरतात. मग एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून सरळ रेषेत उभं राहायला सांगितलं. १० सेकंद जमायला हवं, आईचा तोल तिसऱ्या सेकंदाला गेला, फिजिओंचा हात तयारच होता.

दुसरी गोष्ट म्हणजे तीन दिवसांची लघवीची डायरी. किती वाजता गेलो, मापाच्या भांड्यात किती झाली, कळ किती जोराची होती, कपडे ओले झाले का, आणि दिवसभरात काय काय किती प्यायलं. आईनं जुन्या वहीत रेघा मारून लिहिली. शेवटचा रकाना तिनं स्वतःच्या मनानं वाढवला होता, त्यात काही ओळींसमोर फक्त 'पळाले' असं लिहिलेलं. तीन दिवसांत अकरा वेळा 'पळाले'. आणि प्रत्येक वेळी भांड्यात जेमतेम ८०-१०० मिली. फिजिओंनी ते वाचून सांगितलं की मोठ्या माणसाच्या मूत्राशयात आरामात ३००-४०० मिली मावते, म्हणजे तुमची पिशवी भरलेली नसतानाच ओरडतेय, तिला पुन्हा शिकवायला लागेल, आणि तुमचे पाय तोवर इतके मजबूत करायचे की ती ओरडली तरी तुम्ही पडणार नाही. दोन्ही कामं एकदम चालू करू म्हणाल्या.

आता पाचवा आठवडा चालू आहे. रात्री चारऐवजी दोनदा उठते, एकदाही पडली नाही. सगळं बरं झालंय असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण ज्यांच्या घरात कुणी सारखं पडतंय त्यांनी एकदा लघवीबद्दल विचारा, आणि ज्यांना लघवीचा त्रास आहे त्यांनी चालण्याकडे बघा, एवढ्यासाठी हा धागा काढलाय. कुणाला अनुभव असेल तर लिहा, आणि इथे कुणी फिजिओ असतील तर नीट समजावून सांगा प्लीज, माझं ज्ञान ऐकीव आहे.

झुळूक :

तुमचं वाचताना सासूबाईच डोळ्यासमोर आल्या. बाहेर जायचंच बंद केलंय त्यांनी, कुठे बोलावलं की गुडघे दुखतात म्हणतात. मला आता शंका येतेय की गुडघे नाहीतच. पण विचारायचं कसं? मी सून, त्या माझ्याशी हे बोलतील असं वाटत नाही.

पायवाट :

झुळूक, आमच्या फिजिओंनी जसं विचारलं तसंच विचारून बघा. त्रास होतो का असं विचारलं की उत्तर 'नाही' असंच येतं. "बाहेर गेलं की आधी बाथरूम कुठे आहे ते शोधावं लागतं का?" असं विचारा. आई म्हणते हा प्रश्न मला कुणी आधी विचारला असता तर मी लगेच हो म्हटलं असतं.

काजवा :

मी फिजिओथेरपिस्ट आहे, चौदा वर्षं काम करतेय, त्यातली शेवटची आठ वर्षं मुख्यतः ओटीपोटाच्या तक्रारींवर. पायवाट, तुम्ही ऐकीव म्हणताय पण फार नेमकं लिहिलंय. तोलाबद्दल आधी लिहिते, ओटीपोटाचं नंतर, एका प्रतिसादात मावणार नाही.

आपण उभे राहतो ते तीन ठिकाणांहून आलेल्या बातम्यांवर. डोळे, आतला कान, आणि पायाचे तळवे-घोटे-सांधे. मेंदू तिन्ही जुळवून बघतो आणि त्याप्रमाणे स्नायूंना हुकूम सोडतो. एक बातमी कमी पडली तर बाकीच्या दोन निभावून नेतात. म्हणून डायबेटीसमुळे तळव्यांची संवेदना गेलेला माणूस दिवसा ठीक चालतो आणि लाइट गेले की धडपडतो, कारण तळवे आधीच गप्प होते आणि आता डोळेही गेले. पायवाट, तुमच्या आई रात्रीच का पडत होत्या त्याचं एक कारण इथे आहे, अंधार, अर्धवट झोप आणि वर घाई. अजून एक शक्यता सांगते, झोपलेलं माणूस एकदम उठलं की काहींचं बीपी झपकन उतरतं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा जास्तनं खाली आला तर त्याला पोश्चरल हायपोटेन्शन म्हणतात, बीपीच्या, झोपेच्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही होतं. त्यामुळे पडणाऱ्या माणसाच्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवून एकदा नीट बघून घ्या, आपल्या मनानं मात्र कुठलीही बंद करू नका.

तोल हे कौशल्य आहे आणि सत्तरीतही शिकता येतं, पण त्यासाठी तोल थोडा जावा लागतो. लोक म्हणतात रोज अर्धा तास चालतो की. चालणं चांगलंच, पण नुसत्या चालण्यानं पडणं कमी होतं असं दिसत नाही. पायांची ताकद आणि तोलाला आव्हान देणारे व्यायाम लागतात. कॉक्रेन म्हणजे अनेक वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी संस्था, तिचा २०१९ चा आढावा आहे, त्यात घरी राहणाऱ्या ज्येष्ठांवरच्या १०८ चाचण्या घेतल्या होत्या, व्यायामानं पडण्याचं प्रमाण साधारण २३ टक्क्यांनी कमी झालं. न्यूझीलंडमधला ओटागो नावाचा कार्यक्रम आहे, तो तर घरीच करायचा, फिजिओ मधूनमधून येऊन व्यायाम वाढवून जातो. ताई-ची, म्हणजे संथ हालचालींचा चिनी व्यायाम, तीसुद्धा यात चांगलं काम करते.

मी पेशंटला घरी कसं करायला सांगते ते सांगते. खोलीच्या कोपऱ्यात पाठ करून उभं राहायचं, दोन्ही बाजूंना भिंत, समोर जड खुर्ची, तिची पाठ आपल्याकडे. आता तोल गेला तरी जाणार कुठे? आधी पाय जवळ घेऊन उभं राहणं, मग एक पाय अर्धा पुढे, मग टाचेला बोटं लावून. ते ३० सेकंद जमलं की मान डावी-उजवीकडे वळवत. मग डोळे मिटून, तेव्हा घरातलं कुणीतरी शेजारी हवंच. शिवाय खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं दहा वेळा, टाचा उचलणं, बाजूला पाय उचलणं. व्यायाम सोपा वाटायला लागला की त्याचं काम संपलं, पुढच्या पायरीवर जायचं. बरेच जण वर्षभर तोच सोपा व्यायाम करतात आणि मग म्हणतात फरक नाही.

अनुस्वार :

काजवा, आतल्या कानाचा विषय निघालाय तर माझं लिहितो. माझं वय ५४. एका सकाळी कुशीवर वळलो आणि अख्खी खोली गरगर फिरली. अर्धा-पाऊण मिनिटात थांबली. उठून बसलो, परत तेच. मला वाटलं आता अटॅकच. तीन आठवडे चक्करच्या गोळ्या खाल्ल्या, त्यानं नुसती झोप यायची, मान न हलवता यंत्रासारखा चालायचो.

मग एकानं फिजिओकडे पाठवलं. त्यांनी मला टेबलावर बसवलं, मान उजवीकडे ४५ अंशांत वळवली आणि झटकन मागे आडवं केलं, डोकं टेबलाच्या कडेच्या जरा खाली. बायको समोर उभी होती, ती म्हणाली तुझे डोळे आपोआप गोल फिरत होते. फिजिओ शांतपणे म्हणाले, "सापडलं." मग तसंच धरून डोकं दुसऱ्या बाजूला, मग अंगासकट कुशीवर, मग उठवून बसवलं. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट वगैरे. दुसऱ्या दिवशी परत एकदा केलं आणि चक्कर गेली. तीन आठवड्यांचं दुखणं दोन बैठकांत. हे आधीच कुणी का केलं नाही याचा राग येतो, पण असो, ज्यांना कुशीवर वळल्यावर गरगरतं त्यांना हे माहीत असावं म्हणून लिहिलं.

काजवा :

अनुस्वार, याला बीपीपीव्ही म्हणतात. आतल्या कानात एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण चिकटलेले असतात, ते सुटून अर्धगोल नलिकेत शिरतात, बहुतेक वेळा मागच्या नलिकेत, आणि डोकं हललं की तिथला द्रव ढवळतात. मेंदूला वाटतं आपण फिरतोय. तुमची पहिली तपासणी झाली ती डिक्स-हॉलपाइक, १९५२ पासूनची. नंतर केलं ते एप्ली, डॉ. जॉन एप्ली या अमेरिकन कानतज्ज्ञांचं, कण नलिकेतून फिरवून परत जागेवर आणायचे. गोळी ते कण हलवू शकत नाही. पण कुठल्या कानाचं आहे, कुठल्या नलिकेचं आहे हे कळल्याशिवाय घरी करू नका, चुकीच्या बाजूला केलं तर काही उपयोग नाही, आणि मानेचा किंवा मानेतल्या रक्तवाहिन्यांचा त्रास असेल तर आधी तपासून घ्यावं लागतं.

सगळी चक्कर ही नव्हे. चक्करबरोबर बोलणं अडखळलं, एक बाजू लुळी पडली, दोन दोन दिसायला लागलं, किंवा कधी नव्हे अशी भयंकर डोकेदुखी आली तर फिजिओ नको, सरळ इमर्जन्सी गाठा.

रानजाई :

मला वेगळंच झालं, इथे सांगते कारण माझ्यासारख्या बऱ्याच असतील. वय ३२, बाळ दहा महिन्यांचं. बाळंतपण अवघड झालं, चिमटा लावला, टाके बरेच होते. तीन महिन्यांनी शिंकलं की लघवी व्हायची. ज्याला त्याला विचारलं, सगळ्यांनी एकच सांगितलं, केगेल कर, म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे-सोडायचे व्यायाम. व्हिडिओ लावून दिवसाला दोनशे-दोनशे केले. लघवीचं गळणं कमी व्हायच्या ऐवजी ओटीपोटात ओढ बसायला लागली, शी कडक, बसताना दुखायचं, नवऱ्याजवळ जायची भीती वाटायला लागली कारण आग व्हायची. मला वाटायचं मीच कमी करतेय, म्हणून अजून करायची.

शेवटी पेल्विक हेल्थवाल्या, म्हणजे ओटीपोटाच्या तक्रारी बघणाऱ्या फिजिओकडे गेले. त्यांनी आधी अर्धा तास नुसतं ऐकून घेतलं. मग चित्र दाखवून समजावलं की आतून बोटानं तपासावं लागेल, ग्लोव्ह्ज घालून, तुम्ही कुठल्याही क्षणी थांबा म्हणालात की मी थांबेन, आणि आज नको असेल तर आज नाही, बाहेरूनही बरंच कळतं. मी दुसऱ्या वेळेला हो म्हटलं. तपासल्यावर म्हणाल्या तुमचे स्नायू अशक्त नाहीत, ते सोडायलाच विसरलेत. मूठ वळूनच ठेवलेली असेल तर अजून काय वळणार? केगेल पूर्ण बंद करायला लावले. सहा आठवडे फक्त श्वास, सैल सोडणं, टाक्यांच्या जागेचा मसाज, बाळासारखं पाठीवर झोपून गुडघे धरणं. आवळायचं नंतर आलं, तेही थोडंसं. दुखणं गेलं बरंचसं, गळणं आता क्वचित. कुणी आधी तपासलं असतं तर माझे चार महिने वाचले असते.

झुळूक :

रानजाई, बापरे. मी स्वतः तेच करतेय, व्हिडिओ लावून! काजवा, मग बरोबर कसं कळतं हो? आणि हे स्नायू नक्की असतात कुठे?

काजवा :

रानजाई, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. माझ्याकडे येणाऱ्यांत असे पेशंट भरपूर असतात.

झुळूक, ओटीपोटाचा घेर म्हणजे हाडाचं एक भांडं समजा, त्याला खालून तळ नाही. पुढच्या जघनाच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत झोळीसारखे पसरलेले स्नायू तो तळ करतात. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय त्यावर टेकलेले. पुरुषांनाही असतात बरं का. हे स्नायू एकटे काम करत नाहीत, वर श्वासपटल (छाती आणि पोटाच्या मधला श्वासाचा पडदा), पुढे पोटाचा सगळ्यात आतला स्नायू, मागे मणक्याजवळचे बारीक स्नायू, असा मिळून एक डबा आहे. श्वास आत घेतला की श्वासपटल खाली येतं आणि तळही जरा खाली सैल होतो, श्वास सोडताना दोन्ही वर येतात. धड सावरायचं कामही याच डब्याचं, म्हणून तोल आणि लघवी हे दोन विषय शरीरात इतके लांब नाहीत जितके दवाखान्याच्या पाट्यांवर असतात.

बरोबर आवळणं असं असतं. वारा सरतोय तो अडवायचाय आणि त्याचवेळी लघवीही अडवायचीय असं समजून आत आणि वर ओढायचं. ढुंगण आवळलं, मांड्या जवळ आल्या, पोट फुगलं किंवा श्वास धरला तर चुकतंय. आरशात बघितलं तर बायकांना मायांगाचं तोंड मिटून जरा वर जाताना दिसतं, पुरुषांना लिंगाचं मूळ किंचित आत जाताना. खाली ढकललं जातंय असं दिसलं तर ताबडतोब थांबा, ते उलटं चाललंय. आणि जितका वेळ आवळलं तितकाच वेळ, किंबहुना जास्त, पूर्ण सैल सोडायचं. सोडणं हा अर्धा व्यायाम आहे, तोच सगळे विसरतात.

ज्यांचे स्नायू खरंच कमजोर आहेत त्यांच्यासाठी इंग्लंडच्या नाइस या संस्थेची शिफारस अशी की किमान आठ वेळा आवळणं, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने, आणि तेही कुणाच्या तरी देखरेखीखाली. दोनशे कुठेच नाही. डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये हे मांडलं तेव्हा त्यांनीही मायांगातला दाब मोजायचं एक उपकरण वापरलं होतं, आवळलं की काटा हलतो आणि पेशंटला स्वतःला दिसतं. म्हणजे मूळ पद्धतीतच तपासणं होतं, आता लोकांनी तेवढं सोडून बाकीचं घेतलंय. नीट केलं तर गुण येतो. खोकल्या-शिंकल्यावर होणाऱ्या गळतीवर कॉक्रेनचा २०१८ चा आढावा आहे, त्यात व्यायाम केलेल्या बायकांपैकी ५६ टक्के बऱ्या झाल्या म्हणाल्या, न केलेल्यांपैकी ६ टक्के.

खोकला-शिंक यायच्या आधी क्षणभर आवळून धरायचं, ही साधी युक्ती काहींना आठवड्याभरात उपयोगी पडते. पायवाट, तुमच्या आईंसारखी कळ येते त्यांचं तंत्र वेगळं. कळ आली की पळायचं नाही. आहात तिथे थांबायचं, जमलं तर बसायचं, पाच-सहा वेळा पटापट आवळून सोडायचं. हे स्नायू आवळले की मूत्राशयाचा स्नायू आपोआप सैल पडतो, ती रिफ्लेक्स आहे. कळ ही लाटेसारखी असते, चढते आणि उतरते. उतरली की मग शांतपणे चालत जायचं. पळणारा माणूस लाटेच्या माथ्यावर असताना पळतो, म्हणून वाटेतच होते. आणि 'बाहेर पडतोय तर जाऊन घ्या' असं लागलेली नसताना सारखं जाणं बंद करायचं, त्यानं पिशवीला थोडक्यात ओरडायची सवय लागते. पाणी तोडू नका, लघवी घट्ट झाली की जळजळ वाढते आणि कळही. कॅफिन मात्र कमी करून बघा, आणि झोपायच्या आधी दोन तास पिणं आवरतं घ्या.

हो, लघवी करताना मध्येच अडवून बघायची ती सवय नको. पिशवी पूर्ण रिकामी होत नाही त्यानं.

उंबरा :

पुरुषांचं कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. बाबांचं प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, कॅन्सर होता, पूर्ण काढली. लघवीची नळी काढल्यावर उठलं की लघवी, वाकलं की लघवी. सर्जननी सांगितलं होतं असं होईल म्हणून, पण सांगणं वेगळं आणि रोज पॅड लावणं वेगळं. बाबा माणसांत बसेनासे झाले. फिजिओ म्हणजे गुडघ्याचा शेक एवढंच आम्हाला माहीत. ऑपरेशनच्या आधीच व्यायाम शिकून ठेवतात हे नंतर कळलं.

त्यांच्या फिजिओंनी पोटावर खालच्या बाजूला सोनोग्राफीचं यंत्र ठेवलं आणि स्क्रीनवर दाखवलं, आता आवळा, बघा मूत्राशयाचा तळ कसा उचलला गेला. बाबा इंजिनिअर माणूस, स्क्रीनवर दिसल्यावर त्यांना पटलं आणि जमलंही. उठताना आधी आवळा मग उठा, वजन उचलताना आधी आवळा मग उचला, असं प्रत्येक हालचालीला जोडून शिकवलं. सुरुवातीला दिवसाला पाच पॅड लागायचे, पाचव्या महिन्यात एक, तोही खबरदारी म्हणून. अजूनही दमले की संध्याकाळी गळतं थोडं. पण आता येतात जातात.

निवडुंग :

एक विचारू का, अंग बाहेर आल्यासारखं वाटतं त्याला याचा उपयोग होतो? मला खाली काहीतरी लोंबल्यासारखं वाटतं संध्याकाळी, जड जड. ऑपरेशनची भीती वाटते म्हणून कुठेच गेले नाहीये. वय ५८.

काजवा :

निवडुंग, आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून किती उतरलंय ते तपासून घ्या. तपासणीला गेलं म्हणजे ऑपरेशन झालंच असं अजिबात नाही. सुरुवातीच्या पायऱ्यांवर व्यायामानं जडपणा, लोंबल्याची भावना बऱ्याच जणींना कमी होते, शिवाय पेसरी नावाची रबर-सिलिकॉनची चकती आत बसवतात ती आधार देते, व्यायाम आणि पेसरी दोन्ही एकदम चालतं. खूप उतरलेलं असेल तर ऑपरेशन लागू शकतं, तेव्हाही आधी-नंतर स्नायू तयार असलेले बरे.

आणि कुंथणं थांबवा, हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं. रोज कुंथून आपण त्याच झोळीवर भार टाकतो. कमोडवर बसत असाल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर, पुढे वाकून कोपरं मांडीवर, तोंड उघडं ठेवून हळू श्वास सोडा. त्या अवस्थेत गुदाशयाला वळसा घालणारा स्नायू सैल पडतो आणि वाट सरळ होते.

आणखी एक, सगळ्यांसाठी. लघवीत रक्त, ताप आणि जळजळ, हे आधी डॉक्टरांकडे. मांड्यांच्या आतल्या बाजूला किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला आणि लघवी अचानक अडली किंवा शीचं भान गेलं, तर ते कमरेतल्या नसा दाबल्याचं असू शकतं, त्यात तास मोजायचे असतात, त्याच वेळी हॉस्पिटल.

निवडुंग :

धन्यवाद काजवा. या आठवड्यात नंबर लावते. इथे विचारायलाही दोन दिवस लागले मला.

झुळूक :

सासूबाईंना तो बाथरूम शोधायचा प्रश्न विचारला. आधी गप्प बसल्या, मग म्हणाल्या तुला कुणी सांगितलं. डायरी लिहायला तयार झाल्यात, पण मला दाखवणार नाहीत, फिजिओंनाच देणार म्हणाल्या. चालेल मला.

पायवाट :

धागा वर काढतेय, साडेतीन महिने झाले. आईचं खुर्ची-चालण्याचं टायमिंग १९ वरून १३ वर आलंय, टाचेला बोटं लावून १० सेकंद उभी राहते, कधी कधी. रात्री एकदा, क्वचित दोनदा उठते. मधल्या काळात सर्दी-खोकला झाला तेव्हा दोन आठवडे सगळं परत बिघडलं होतं, ती फार खचली, व्यायाम सोडून दिला. फिजिओ म्हणाल्या खोकल्यानं असं होतंच, जिथे सोडलं त्याच्या एक पायरी खालून सुरू करा. तसं केलं.

परवा रात्री मला जाग आली तर तिच्या खोलीचा दिवा लागलेला. आई पलंगाच्या कडेला बसलेली, दोन्ही पाय जमिनीवर टेकवून, एका हातानं कठडा धरून, तोंडानं हळूहळू मोजत होती. मी दारातून विचारलं काय झालं, तर हातानंच थांब म्हणाली. सहापर्यंत मोजलं, थोडं थांबली, मग उठली आणि चालत गेली.

निवडुंग, तुमचं काय झालं ते लिहा नक्की.

निवडुंग :

जाऊन आले. दुसरी पायरी म्हणाले. पेसरी बसवलीय आणि फिजिओ पुढच्या सोमवारपासून. संध्याकाळचा जडपणा पहिल्याच दिवशी कमी वाटला. स्टूल मात्र त्याच दिवशी घेतलं होतं, काजवांनी लिहिलं त्या दिवशी.